वीसपैकी सतरा

"सर, माझी वही तुमच्याकडे आलीच नाही. ती माझ्याकडेच आहे," ती मुलगी म्हणाली आणि पिशवीतून वही काढून तिनं टेबलावर ठेवलीसुद्धा. भूगोलाचा विभागप्रमुख हितेंद्र फेगडे तेव्हा विभागाच्या खोलीत एकटाच बसला होता. जुलैचा पहिला आठवडा, नव्या मुलांचे प्रवेश चालू होते, तास सुरू व्हायचे होते, आणि चहावर साय धरली होती ती बोटानं काढावी की नाही एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. त्यानं वहीकडे पाहिलं. खाकी कव्हर, वर पट्टी लावून लिहिलेलं नाव. मयुरी पुना चौरे, तृतीय वर्ष कला, भूगोल. निकाल लागून बारा दिवस झाले होते. म्हणजे ही मुलगी आता त्याची विद्यार्थिनी नव्हतीच. "मग?" तो म्हणाला. "मग प्रकल्पाला मला सतरा कसे पडले?" तिनं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. त्याला आधी वाटलं, सतरा कमी पडले म्हणून आली असेल. वीसपैकी सतरा कमी वाटणारीही मुलं असतात. पण ती म्हणाली, "मला वाटतं दुसऱ्या कुणाची तरी वही माझी म्हणून तपासली गेली. म्हणजे त्याला शून्य पडले असतील ना सर? त्याचं वर्ष जाईल. म्हणून सांगायला आले."

तिनं एका कागदावर सगळं मांडूनही आणलं होतं. शंभराचा पेपर, त्यातले साठ विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचे, चाळीस कॉलेजच्या हातातले. त्या चाळिसांत चाचणीचे दहा, हजेरीचे दहा आणि प्रकल्पाची वही व तिच्यावरची तोंडी मिळून वीस. लेखीत तिला चाळीस होते, चाचणीत सात, हजेरीत नऊ, प्रकल्पात सतरा. एकूण त्र्याहत्तर. सत्तरपासून पुढे 'ए' श्रेणी, म्हणून 'ए'. कागदावर सतरापुढे तिनं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. हितेंद्रनं तो कागद उगाच दोनदा वाचला. "वही वेळेवर का दिली नाही?" त्यानं विचारलं. काहीतरी आपल्या बाजूनं विचारायला हवं होतं. "दहावा बाजार राहिला होता सर. होळीच्या आठवड्यात बाजार भरलाच नाही. तो करून आले तर विभाग बंद. मग परीक्षाच सुरू झाली." ती साक्रीच्याही पुढची, डोंगराकडची. गावाजवळच्या आठवडे बाजाराला कोण, कुठून, किती चालून येतं हा तिचा विषय होता. तो विषय आपणच मंजूर केला असणार, असं त्याला वाटलं. आठवत मात्र नव्हतं. "बघतो. ठेवून जा वही," तो म्हणाला. दारापर्यंत जाऊन ती थांबली. "सर, वाचाल ना?" "हो." "नाही, दहा बाजार आहेत त्यात," ती म्हणाली आणि साक्रीची गाडी पकडायला निघून गेली.

ती गेल्यावर त्यानं साय काढून बशीत टाकली आणि थंड चहा पिऊन टाकला. धक्का वगैरे बसला असं त्याला वाटलं नाही. एखाद्या ओळखीच्या घरात नेहमीच्या पायरीऐवजी पाय थोडा खाली पडावा तसं काहीसं झालं. त्या मुलीनं गृहीत धरलं होतं की गुण पडले म्हणजे कुणीतरी, कुठलीतरी, निदान चुकीची का होईना, वही वाचली होती. या गृहीतकाची त्याला लाजही वाटली नाही, फक्त नवल वाटलं. एप्रिलमधली ती सकाळ त्याला नीट आठवत होती. जळगावहून साडेसहाची एसटी, खिडकीची जागा, आणि गुण भरायची शेवटची तारीख उद्यावर आलेली. एरंडोल सुटल्यावर त्यानं मोबाइलवर विद्यापीठाचं पान उघडलं. चौसष्ट नावांची यादी आणि प्रत्येक नावापुढे एक रिकामी चौकट. सोळा, सतरा, पंधरा, सतरा, सोळा, अठरा. एकाच अंगठ्यानं तो भरत गेला. तोच आकडा लागोपाठ तीनदा येऊ नये एवढी काळजी त्यानं घेतली होती. मध्येच कंडक्टरनं पास पाहिला. पारोळ्याचा स्टँड येईपर्यंत यादी संपली, पान 'सादर झाले' म्हणालं, आणि शेवटच्या तारखेच्या एक दिवस आधी काम झाल्याचं एक बारीकसं समाधानही त्याला वाटलं होतं. विभागाचे शिपाई लोटनभाऊ यांनी वह्या मोजून त्रेसष्ट सांगितल्या होत्या. यादीत चौसष्ट नावं होती. कुणाची आली नाही, हे त्यानं विचारलं नव्हतं.

हे असं नेहमीचंच नव्हतं. निदान सुरुवातीपासूनचं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तो लाल पेन घेऊन रविवारचे रविवार बसायचा. समासात लिहायचा, नकाशातल्या चुकलेल्या नद्या दुरुस्त करायचा. त्या वर्षी त्यानं एका मुलाला वीसपैकी सहा दिले होते. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत, चहा दिला. म्हणाले, "फेगडे, बाकीच्या कॉलेजांत पंधराच्या खाली कुणी देत नाही. आपण सहा दिले तर नुकसान आपल्याच पोरांचं. तुमच्या खरेपणाचा भार त्यांनी का उचलायचा?" खालची मर्यादा पंधरा झाली. वरची अठरा आधीपासून होती, कारण एकोणीस दिले की विद्यापीठ कारण विचारायचं. मग उरले चारच आकडे. चार आकड्यांतला एक निवडायला चौसष्ट वह्या वाचायच्या, हा हिशेब त्याला पुढे पुढे विचित्र वाटू लागला. एका वर्षी त्यानं समासात लिहिणं सोडलं. मग फक्त बरोबरच्या खुणा उरल्या. मग पहिल्या पानावर 'तपासले' आणि सही. तोंडी परीक्षा कधी बंद पडली तेही त्याला सांगता आलं नसतं. कुठलंही पाऊल त्यानं ठरवून टाकलं नव्हतं. प्रत्येक वर्षी मागच्या वर्षापेक्षा थोडंसं कमी, इतकंच.

परतीच्या गाडीत वही मांडीवर होती, पण त्यानं ती उघडली नाही. बाहेर कपाशीची कोवळी रोपं, मध्येच एखादा धाबा, चौपदरी रस्त्याचा कंटाळवाणा सरळपणा. त्याला रावेरकडच्या आपल्या घरचा केळीचा बाग आठवला. कापणीच्या आधी व्यापाऱ्याचा माणूस बाग पाहायला यायचा. पांढरे कपडे असायचे. केळीच्या चिकाचे डाग धुऊन जात नाहीत म्हणून तो बांधावरूनच चालायचा, कडेच्या दोन ओळींचे घड पाहायचा आणि सगळ्या बागाला एक प्रत सांगून मोकळा व्हायचा. हितेंद्रचे वडील, आबा, त्याच्या मागे मागे चालत म्हणायचे, "भाऊ, आतमधी येऊन पाहा ना जरा. माल आतमधी आहे." तो माणूस हसून म्हणायचा, "दिसतंय आबा, दिसतंय." लहानपणी हितेंद्रला त्या माणसाचा राग येत असे की त्याच्या पांढऱ्या कपड्यांचा हेवा वाटत असे, हे आता नक्की सांगता येत नव्हतं. दोन्ही असावं.

शनिवारी दुपारी त्यानं वही वाचायला घेतली. "आज काय वाचताय?" ज्योत्स्नानं, त्याच्या बायकोनं विचारलं. "विद्यार्थिनीची वही आहे." "निकाल तर लागला ना?" "हो, लागला." ती आत गेली. वही सुबक नव्हती. अक्षर घाईत कलंडलेलं, शुद्धलेखन कच्चं, प्रस्तावना कुठल्याशा पुस्तकातून जशीच्या तशी उतरवलेली. पण चौथ्या पानापासून बाजार सुरू झाले आणि त्याचा वाचायचा वेग आपोआप कमी झाला. दहा बुधवार ती मुलगी बाजाराच्या तोंडाशी बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला तिनं विचारलं होतं, गाव कोणतं, घरून कधी निघालात, परत कधी पोचाल. उत्तरं तिनं बायकांच्याच बोलीत लिहून ठेवली होती. एकीनं सांगितलं होतं, 'गाडी नही शे, बठ्ठा पायीच येतस.' एकीनं, 'डोकावर वझं ऱ्हास तव्हय वाट लांब व्हई जास.' एका पानावर तिनं नकाशा काढला होता. मध्ये बाजार आणि भोवती गावं. पण प्रत्येक गावाला बाजाराशी जोडणाऱ्या दोन रेषा होत्या, एक लांब, एक आखूड. नकाशाला प्रमाण नव्हतं. दिशा नव्हती. गावाचं अंतर एकच असताना रेषा दोन कशा, याचं स्पष्टीकरण नव्हतं. निष्कर्षाचं पान अर्धं होतं, आणि त्यात शेवटचं वाक्य, 'म्हणून असे दिसून येते की बाजार महत्त्वाचा आहे.'

त्याला चीड आली. आणि चीड आल्याचा आनंद झाला. कित्येक वर्षांत कुठल्या वहीनं त्याला काही वाटायला लावलं नव्हतं. ड्रॉवरमधून त्यानं लाल पेन शोधून काढलं. ते वाळलं होतं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं आणलं. उतरवलेल्या प्रस्तावनेचे दोन कमी. प्रमाण आणि दिशा नाही, दोन कमी. दुहेरी रेषा चुकीच्या, एक कमी. निष्कर्ष अपुरा, तीन कमी. राहिले बारा. त्यानं शेवटच्या पानावर बारा लिहिलं, त्याभोवती वर्तुळ काढलं आणि पेन खाली ठेवलं. त्या वर्तुळाकडे पाहताना त्याला अंग धुऊन स्वच्छ कपडे घातल्यासारखं वाटलं. हे बारा खरे होते. कुठल्याही विभागप्रमुखापुढे, कुठल्याही विद्यापीठापुढे त्याला त्यातला एकेक सांगता आला असता. रविवारचा सगळा दिवस त्याचा याच समाधानात गेला.

सोमवारी तो परीक्षा विभागात गेला. परीक्षेचं काम वाणिज्यचे अभिमन सर पाहायचे. सगळे त्यांना अभिमनभाऊ म्हणत. सगळं ऐकून ते खुर्चीत मागे रेलले. "जास्त पडले म्हणून तक्रार? माझ्या नोकरीत पहिली."

"तक्रार नाही भाऊ. तिनं फक्त विचारलं."

"मग सांगायचं, पोरी, पडलेत ना? जा, पुढचं शिक. संपलं."

"मी वही वाचली. बारा होतात."

"बरं. आणि बाकीच्यांचे किती होतात?"

हितेंद्र पंख्याकडे पाहू लागला. अभिमनभाऊंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग ड्रॉवरमधून एक छापील अर्ज काढला. "एकटीचंच दुरुस्त करायचं असेल तर कारण लागतं. 'वही विलंबाने सादर, सबब नव्याने मूल्यांकन' असं लिहा. म्हणजे तुमच्यावर काही येत नाही." हितेंद्रनं तसं लिहिलं. वाक्य खोटं नव्हतं. वही उशिरा आली होती, मूल्यांकन नव्यानंच झालं होतं. एक गोष्ट मात्र त्यानं केली नाही. चाळीस, सात, नऊ आणि बारा यांची बेरीज केली नाही. पुढे त्यानं पुष्कळदा स्वतःला विचारलं की ती खरंच सुचली नाही की सुचू दिली नाही. भूगोलाच्या माणसाला एवढी बेरीज अवघड नव्हती.

त्यानंतरच्या बुधवारी तो घरीच होता. दहाच्या सुमारास फोन आला. "सर, मी मयुरी चौरे. जळगावात आलेय. तुम्ही आहात का इथे?" एम. ए.ला तिनं जळगावच्या एका महाविद्यालयात अर्ज केला होता. तिथंच फाटकाबाहेर भेटायचं ठरलं. तो स्कूटरवर गेला तेव्हा ती रसवंतीच्या बाकावर बसली होती. तिच्या शेजारी पांढरी टोपी घातलेला, उन्हानं रापलेला माणूस होता. हितेंद्रला पाहताच तो उठून उभा राहिला. "माझे वडील," ती म्हणाली. पुढे काय झालं ते तिनं सांगितलं, एकामागून एक, मोजक्या शब्दांत. प्रवेशाच्या यादीत तिचं नाव होतं. ती कागद दाखवायला खिडकीशी गेली. खिडकीतल्या माणसानं तिच्या निकालाचा कागद घेतला, संगणकावर पाहिलं, परत कागद पाहिला. कागदावर 'ए', संगणकावर 'बी प्लस'. कागदावर त्र्याहत्तर, संगणकावर अडुसष्ट. त्यानं मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, हा कागद कुठून छापून आणला? मग आणखी एक जण आला, त्यानं कागद उजेडात धरून पाहिला. तिचं नाव प्रतीक्षा यादीत गेलं आणि कागद त्यांनी ठेवून घेतला. शुक्रवारपर्यंत खुलासा आणा, म्हणाले.

तिचे वडील हितेंद्रकडे पाहून हळूच म्हणाले, "सर, पोरनी काही चुकी करी का?" त्यांच्या विचारण्यात आरोप अजिबात नव्हता. आपल्याला कळत नाही अशा एखाद्या कायद्याबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. "नाही. तिनं काही चूक केलेली नाही," हितेंद्र म्हणाला. "मंग ठीक शे," ते म्हणाले आणि दोघांना बोलता यावं म्हणून रस्त्यापलीकडच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

"सर, मी फक्त विचारलं होतं," मयुरी म्हणाली.

रसवंतीचं यंत्र घुंगरू वाजवत फिरत होतं. हितेंद्रला अनेक वाक्यं सुचली, आणि ती सगळी त्या छापील अर्जातल्या वाक्यासारखीच होती, खोटी नसलेली. ती एकेक करून संपल्यावर तो म्हणाला, "कुणाची वही तुझी म्हणून तपासली गेली नव्हती. मी कुणाचीच वाचली नव्हती."

"कुणाचीच?"

"चौसष्टपैकी एकही नाही."

तिनं हे जरा वेळ मनात धरून पाहिलं. "मग सतरा? माझ्या तोंडाकडे बघून दिले?"

"नाही. तुझं तोंड मला आठवत नव्हतं."

हे बोलल्यावर त्याला वाटलं, ती उठून जाईल. ती उठली नाही. पायाशी असलेली पिशवी तिनं मांडीवर घेतली आणि म्हणाली, "आणि आताचे बारा? पाच कमी झालेत ना." वही त्यानं सोबत आणली होती. का आणली ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं ती बाकावर उघडून ठेवली आणि दोघं पान पान पाहू लागले. प्रस्तावनेचे दोन तिनं लगेच मान्य केले. "ती मी उतरवली, खरंय. सगळेच उतरवतात, पण खरंय." प्रमाण आणि दिशेचे दोनही तिनं सोडले. निष्कर्षाशी ती थोडी अडखळली, मग म्हणाली, "तिथं मी थकले होते." पण दुहेरी रेषांवर त्यानं लाल पेनानं मारलेली फुली पाहून ती एकदम सरसावली. "हे चूक नाहीये सर. घरी जाताना डोक्यावर ओझं असतं, वाट चढाची. बाजाराला येताना रिकामं. जायला तीन तास लागतात, यायला दीड. मी किलोमीटर काढलेच नाहीत, वेळ काढला. त्या बायकांना किलोमीटर माहीत नाहीत. त्यांना तीच वाट जाताना लांब असते आणि येताना जवळ." त्यानं नकाशा पुन्हा पाहिला. लांब रेषा, आखूड रेषा. दहा बुधवार तिनं बसून मोजलेली गोष्ट अख्ख्या वहीत फक्त इथं होती, आणि नेमकी तिच्यावरच त्यानं फुली मारली होती. "हे वहीत लिहायला हवं होतंस," तो म्हणाला. "लिहिता आलं नाही मला. तोंडीत सांगणार होते," ती म्हणाली. "तोंडी असते ना सर, प्रकल्पाची?"

त्यानं पेन काढलं, फुली खोडली आणि बाराचे तेरा केले. तिनं लगेच बेरीज केली. ओठ हलले तेवढेच. एकोणसत्तर. तिनं वर पाहिलं. त्याला कळलं की तिनं मागितला तर तो आणखी एक देईल. तिलाही ते कळलं असावं. रस्त्यापलीकडे तिचे वडील एका रिक्षावाल्याशी बोलत होते. "निष्कर्षाचे तीन बरोबर कापलेत," ती म्हणाली आणि वही मिटून तिनं त्याच्याकडे परत दिली. "शुक्रवार आहे सर शेवटचा."

गुरुवारी त्यानं विभागातलं लोखंडी कपाट उघडायला सांगितलं. लोटनभाऊंनी गठ्ठ्याची सुतळी कापली आणि विचारलं, "रद्दीले काढानं शे का सर?" "नाही, वाचायच्या आहेत." लोटनभाऊंनी सुतळीचा गुंडा करून खिशात घातला, खोलीतला दुसरा दिवाही लावला आणि ते गेले. संध्याकाळपर्यंत त्याच्या सव्वीस वह्या झाल्या. त्यांतल्या नऊ एकमेकींची नक्कल होत्या. एकीत तेराव्या पानापासून पुढे तोच परिच्छेद शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा लिहिला होता, तिला सोळा होते. एका मुलानं अमळनेरच्या बंद पडलेल्या तेल गिरणीच्या कामगारांची घरं शोधून काढून कोण कुठल्या गावी गेलं याचा तक्ता केला होता. त्यालाही सोळाच होते, आणि तो मुलगा आता कुठे आहे हे विभागात कुणाला माहीत नव्हतं. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर 'तपासले' आणि खाली तारखेसह हितेंद्रची ठळक, सवयीची सही. सही नसलेली वही एकच होती आणि आजच्या आधी वाचली गेलेलीही तीच. त्यानं गठ्ठा बाजूला सारला आणि प्राचार्यांच्या नावे पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य लिहायला त्याला फार वेळ लागला. दुसऱ्याला लागला नाही. 'तृतीय वर्षाच्या एकाही विद्यार्थ्याच्या प्रकल्पवहीचे वाचन न करता मी गुण दिले. तोंडी परीक्षा घेतली नाही. कु. मयुरी चौरे हिच्याबाबत मी नंतर दिलेले कारण दिशाभूल करणारे आहे.'

शुक्रवारी सकाळी अकराला प्राचार्यांच्या खोलीत तिघांची समिती बसली. प्राचार्य, अभिमनभाऊ आणि संस्थेचे एक पदाधिकारी, प्रकाशचंदजी. सराफ्यात त्यांचं दुकान होतं. कमी बोलणारे, म्हातारे, पांढऱ्या सफारीतले. पत्र वाचून झाल्यावर प्राचार्य बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "हे लिहायची गरज होती का, सर?" ते म्हणाले. "एका ओळीचा अर्ज दिला असता तर भागलं असतं." मग ते कामाकडे वळले. त्रेसष्ट मुलांचे निकाल जाहीर झाले आहेत, मुलं निघून गेली आहेत, ते आता उघडता येणार नाहीत, यावर तिघांचं एकमत व्हायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फेगडे सरांकडून विभागप्रमुखपद आणि परीक्षेची कामं तीन वर्षांसाठी काढून घ्यावीत, सेवापुस्तकात नोंद करावी. हेही झालं. हितेंद्र ऐकत होता. ही सगळी वाक्यं दुसऱ्या कुणाबद्दल असावीत इतक्या दुरून त्याला ऐकू येत होती, आणि खिडकीबाहेर प्रवेशाच्या रांगेतला एक मुलगा अर्ज डोक्यावर धरून उन्हात उभा होता, तो मात्र अगदी स्पष्ट दिसत होता.

"राहिली ती मुलगी," अभिमनभाऊ म्हणाले. "सगळ्यांचे तसेच राहणार असतील तर हिचेही पूर्ववत करावे लागतील. पण त्यासाठी सरांनी सांगायला पाहिजे की बारा चुकून पडले."

प्रकाशचंदजींनी पहिल्यांदाच मान वर केली. "एक सांगा सर. बाकीच्या नाही वाचल्या, पण हिची तर वाचलीत ना?"

"हो. दोनदा."

"मग तिचे खरे किती होतात?"

हितेंद्रला तेरा माहीत होते. प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत, पानाच्या क्रमांकासकट, त्या तेरांतला एकेक त्याला सांगता आला असता. चौदा म्हटले असते तर ती मेहेरबानी झाली असती, नेमकी रेघेला टेकवलेली. आणि ती मुलगी बाकावर बसून तेवढं मागायचंही नाकारून गेली होती. सतरा हा निदान सगळ्यांच्या वाट्याला सारखाच आलेला अन्याय होता. तो कुणी मागितला नव्हता आणि कुणाला नाकारताही आला नव्हता. त्याला वाटलं, आता आपला आवाज बदलेल, पण तो बदलला नाही.

"सतरा," तो म्हणाला.

अभिमनभाऊंनी लिहून घेतलं. प्राचार्यांनी जळगावच्या महाविद्यालयाला द्यायचा खुलासा तिथंच टाइप करून मागवला, शिक्का मारला आणि त्याची प्रत जळगावला ताबडतोब मोबाइलवरून पाठवायला कारकुनाला सांगितलं. दुपारी दोनच्या आत ती पोचली आणि मयुरीचं नाव परत यादीत आलं. हितेंद्रपुढे कागद सरकवला गेला तेव्हा त्यानं तो सहीच्या आधी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, इतका सावकाश की प्राचार्यांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. मग सही केली. सतरा. त्यातले तेरा तिचे होते, चार त्याचे.